वाडीहून पहाटे ३:४० ला न निघालेला ट्रक: जीपीएसच्या कच्च्या डेटाचं एक प्रकरण

प्रकरण तसं साधं आहे. नागपूरजवळच्या वाडीला अमरावती रोडवर गोडाऊनच्या लाईनीत एक छोटे ट्रान्सपोर्टवाले काका आहेत, मोजक्याच गाड्या, सगळ्यांना जीपीएस बसवलेला. त्यातला एक ट्रक ११ फेब्रुवारी २०२५ ला किराणा माल घेऊन सिवनीला गेला, दुसऱ्या दिवशी रिकामा परत आला, आणि त्यानंतर ड्रायव्हरचा भत्ता अडकला. काकांचं म्हणणं, यानं गाडी रात्री-बेरात्री स्वतःच्या कामाला चालवली, वाटेत तासभर टाइमपास केला, आणि रोडवर मुद्दाम हळू चालवली. पुरावा काय तर "जीपीएसमध्ये दिसून राह्यलं ना भाऊ सगळं". ड्रायव्हर भाऊ पंधरा-वीस वर्षं याच लाईनीतला माणूस, तो एवढंच म्हणे, "मालक, मले त्या मशीनचं नाई समजत, पण मी काई केलं नाई."

काकांचा पुतण्या हुशार पोरगा आहे, त्यानं ॲपवरच्या गुळगुळीत पीडीएफवर विसंबून न राहता सप्लायरकडून पूर्ण कच्चा डेटा मागवला, सीएसव्ही फाइल (स्वल्पविरामांनी कॉलम पाडलेला साधा मजकूर) आली, आणि ती त्यानं डबल क्लिक करून एक्सेलमध्ये उघडली. अर्धी भानगड तिथूनच सुरू झाली, पण डेटा मागवला हे त्यानं बरोबर केलं हे आधी सांगून ठेवतो, कारण तो नसता तर पुढचं काहीच कळलं नसतं.

आरोप चार होते. गाडी पहाटे ३:४० ला वाडीतून निघाली. टॉप स्पीड ३४. देवलापारजवळ १ तास ११ मिनिटं उभी. आणि परत येताना आदल्या रात्रीच ११:२० ला सिवनी सोडली म्हणजे मधल्या वेळात कुठंतरी भाडं मारलं. पाचवी एक गोष्ट होती ती काकांच्या यादीत नव्हती, ती मला फाइलमध्ये सापडली, तिच्यावर शेवटी येतो.

पहिले ३:४०. गोडाऊनचा गेटपास मी बघायला मागितला, त्यावर टाइम ९:१०. आता ९:१० मधून ३:४० वजा केले की बरोबर साडेपाच तास उरतात, आणि साडेपाच तास हा आकडा दिसला की भारतात बसलेल्या माणसाला पुढं काही सांगायची गरज पडू नये. जीपीएसचं डिव्हाइस सॅटेलाइटवरून वेळ घेतं आणि ती यूटीसीमध्ये म्हणजे जगाच्या प्रमाण वेळेत असते, आपली घड्याळ तिच्यापेक्षा ५ तास ३० मिनिटं पुढं. ॲप स्क्रीनवर दाखवताना ते साडेपाच तास मिळवून दाखवतं, पण डेटाबेसमधून थेट काढलेल्या एक्सपोर्टमध्ये बहुतेक वेळा यूटीसीच असतं आणि कॉलमच्या डोक्यावर नुसतं "टाइम" लिहिलेलं असतं, कोणता टाइम ते लिहायचं कष्ट कोणी घेत नाही.

यातच चौथा आरोपही गेला. सिवनीहून गाडी निघाली १२ तारखेला पहाटे ४:५० ला, यूटीसीत ते ११ तारखेचे रात्रीचे ११:२०. म्हणजे नुसता टाइम नाही, तारीखच बदलते. पहाटे साडेपाचच्या आधीची प्रत्येक नोंद आदल्या दिवसात जाऊन बसते, आणि ज्या धंद्यात गाड्या पहाटेच निघतात तिथं हे रोजचं आहे, सगळ्या ड्रायव्हरांच्या नावावर रात्रपाळी लागते. पुतण्यानं तारखेप्रमाणे पिव्होट (एक्सेलचा गोषवारा तक्ता) लावला होता त्यामुळे ११ तारखेला दोन ट्रिपा आणि १२ ला जवळपास काहीच नाही असं चित्र आलेलं, काकांचा संशय तिथूनच पक्का झाला.

बरं त्या पिव्होटमध्ये अजून एक गंमत होती, नोव्हेंबर आणि डिसेंबर महिन्यातल्याही ट्रिपा होत्या. आम्ही बसलो होतो फेब्रुवारीअखेर आणि नोव्हेंबर २०२५ अजून यायचा होता. फाइलमध्ये तारीख दिवस-महिना-वर्ष अशी, पुतण्याच्या लॅपटॉपची सेटिंग अमेरिकन म्हणजे महिना आधी. मग ११-०२ चं झालं २ नोव्हेंबर, १२-०२ चं २ डिसेंबर, आणि १३ तारखेपासून पुढं एक्सेलला तेरावा महिना माहीत नसल्यामुळे ते सेल नुसते टेक्स्ट म्हणून डावीकडे चिकटून बसले. कॉलममध्ये काही तारखा उजवीकडे काही डावीकडे दिसल्या की थांबायचं, पुढचं काहीच मोजायचं नाही. सीएसव्ही डबल क्लिक करून उघडूच नये, डेटा टॅबमधून इम्पोर्ट करावी आणि तारखेचा कॉलम टेक्स्ट ठेवावा. सिमच्या आयसीसीआयडी नंबरचंही तेच, तो १९-२० आकडी असतो, एक्सेल फक्त १५ आकडे नीट ठेवतो आणि पुढचे शून्य करून टाकतो, मग दोन सिम एकच दिसायला लागतात.

आता स्पीड. टॉप स्पीड ३४ बघून काका म्हणे चार पदरी हायवेवर कोण चौतीसनी चालवते बे, हा सवारी बसवत गेला असेल. ३४ खरं होतं, पण किमी नाही, नॉट्स. जीपीएसच्या मूळ भाषेत म्हणजे एनएमईए वाक्यात स्पीड नॉट्समध्ये येतो, समुद्रातल्या जहाजांचं माप, एक नॉट म्हणजे ताशी १.८५२ किमी. ट्रॅकारसारखा, गाड्यांचा डेटा गोळा करणारा ओपन सोर्स सर्व्हरही आतमध्ये नॉट्समध्येच साठवतो. ३४ ला १.८५२ ने गुणलं की ६३ येतात, लोड गाडीला एकदम व्यवस्थित. याची खात्री करायला कोणाला विचारायची गरज नाही, फाइलमध्येच आहे: सरळ रस्त्यावरच्या दोन ओळी घ्या, दोघांच्या अक्षांश-रेखांशावरून अंतर काढा, मधल्या सेकंदांनी भागा. मी दहा सेकंदांच्या अंतरातल्या दोन ओळी घेतल्या, अंतर निघालं १७५ मीटर, म्हणजे सेकंदाला साडेसतरा मीटर, म्हणजे ताशी ६३. कॉलम ३४ म्हणतो आणि जमीन ६३ म्हणते, तर जमिनीचं ऐकायचं.

एक इथं सांगितलं पाहिजे, सगळ्याच डिव्हाइसांचं असं नसतं. एआयएस १४० हे आपलं भारतीय स्टँडर्ड, बसेस आणि टॅक्स्यांना लागतं ते, त्याच्या पॅकेटमध्ये, म्हणजे डिव्हाइस सर्व्हरला पाठवतं त्या एकेका नोंदीत, स्पीड ताशी किमीमध्येच असतो. म्हणून "जीपीएस म्हणजे नॉट्स" असं पाठ करून सगळ्याला १.८५ ने गुणत सुटलात तर उद्या दुसऱ्या ड्रायव्हरवर ओव्हरस्पीडिंग लावाल.

पुतण्यानं कच्च्या पॅकेटचा कॉलमही सोडला नव्हता, त्यातून आकडा उचलून गुगल मॅपवर टाकला तर गोडाऊनच्या जागी पिन पडली हिंगण्याच्या बाजूला. "हे मशीनच बोगस आहे काका" असं त्यानं तेव्हा जाहीर केलं होतं. पॅकेटमध्ये होतं २१०९.१२. त्यानं टिंब दोन घरं डावीकडे सरकवून २१.०९१२ केलं. पण हे दशांश अंश नसतात, पहिले दोन आकडे अंश आणि पुढचे मिनिटं: २१ अंश ९.१२ मिनिटं, मिनिटांना ६० नी भागायचं, उत्तर २१.१५२. दोघांत फरक ०.०६ अंशाचा, आणि अक्षांशाचा एक अंश जमिनीवर साधारण १११ किमी, म्हणजे पावणेसात किमी दक्षिणेला गेलं गोडाऊन. ओळखायची खूण सोपी आहे. असे टिंब सरकवलेले आकडे महिनाभराचे बघितले तर टिंबानंतरची पहिली दोन घरं ५९ च्या पुढं कधीच जात नाहीत. खऱ्या दशांशात ०० पासून ९९ पर्यंत सगळे येतात.

उंचीचा कॉलम मी वाचलाच नाही. नागपुरात झिरो माइलजवळच्या जीटीएसच्या (इंग्रजांच्या काळातल्या भारताच्या मोजणीच्या) दगडावर उंची फुटाच्या तीन दशांशांपर्यंत कोरलेली आहे, १०२०.१७१ फूट, १९०७ सालची, म्हणजे ३११ मीटरच्या आसपास; आणि इथं उभ्या गाडीची उंची एका चहात वीस-पंचवीस मीटर वरखाली होते. उभ्या दिशेत जीपीएस मुळातच कच्चा असतो. सोडून द्या.

आता देवलापार, हा खरा भांडणाचा मुद्दा, कारण इथं काकांकडे स्क्रीनशॉट होता. १२:१० ला त्यांनी ॲप उघडलं, गाडी देवलापारजवळ, खाली लिहिलेलं १ तास ११ मिनिटं. फोटो काढून ग्रुपवर टाकला, ड्रायव्हरला फोन लावला, फोन लागेना. झालं, मग काय पाहिजे.

हा रस्ता ज्यांना माहीत आहे त्यांना फोन का लागला नाही ते सांगावं लागत नाही. मनसर सोडलं की पुढं पेंचचं जंगल, तेच ते नॅशनल हायवे ४४ वरचे उंच पूल ज्यांच्या खालून वाघ जातात म्हणून फोटो फिरत असतात, मग खवासा, तिथून मध्य प्रदेश, मग कुरईचा घाट. मोबाइल टॉवर मधे मधे आहेत, मधे मधे नाहीत. आणि इथं लोकांचा एक घोळ असतो: जीपीएसला नेटवर्क लागतच नाही, ते सॅटेलाइटचं ऐकतं. नेटवर्क लागतं ते ऐकलेलं सर्व्हरला सांगायला. नेटवर्क गेलं की चांगलं डिव्हाइस गप्प बसत नाही, नोंदी आपल्या मेमरीत साठवतं आणि रेंज आली की पाठवतं. एवढा वेळ ॲप बिचारं शेवटचा पॉइंट धरून बसतं आणि मिनिटं मोजतं. ॲपवरचे १ तास ११ मिनिटं म्हणजे गाडी उभी असल्याचा वेळ नव्हता, ॲपला बातमी न मिळाल्याचा वेळ होता.

हे फाइलमध्ये कसं दिसतं ते बघा. दोन वेळा असतात, एक सॅटेलाइटनं पोझिशन दिली ती फिक्सची वेळ, दुसरी सर्व्हरला पॅकेट मिळालं ती वेळ. (ट्रॅकारमध्ये तिसरी, डिव्हाइसची वेळही असते.) शिवाय पॅकेटवर एक अक्षर: एल म्हणजे लाइव्ह, एच म्हणजे हिस्टरी, साठवून नंतर पाठवलेलं. त्या दुपारच्या ओळी, सगळे टाइम यूटीसी, गावाचं नाव मी टाकलेलं, शेवटचा आकडा स्पीड, नॉट्समध्ये:

सर्व्हर ०६:४६:०९ | फिक्स ०६:४६:०५ | एल | कुरई | २२
सर्व्हर ०६:४६:११ | फिक्स ०५:३०:०५ | एच | देवलापार | २४
सर्व्हर ०६:४६:१२ | फिक्स ०५:३०:१५ | एच | देवलापार | २४
(अशाच अजून काही एच)
सर्व्हर ०६:४६:१९ | फिक्स ०६:४६:१५ | एल | कुरई | २१

रेंज आली तशी डिव्हाइसनं ताजी बातमी आधी दिली आणि मधल्या फटीत जुन्या बातम्या कोंबत गेलं. फाइल सर्व्हरच्या वेळेप्रमाणे लावलेली होती. म्हणजे ओळीनं वाचत गेलं तर ट्रक कुरईत, दोन सेकंदांनी पंचवीस-तीस किमी मागं देवलापारला, काही सेकंदांनी परत कुरई, परत मागं. पुतण्यानं ओळीमागून ओळ अंतर मोजून बेरीज केली ती नऊशे किमीच्या वर गेली, एका बाजूच्या ट्रिपचे, जी वाडीपासून दीडशेच्या आतच भरते.

आणि इथं मला काकांची गंमत वाटली. नऊशे किमी बघून ते लगेच म्हणाले हे एक्सेल चुकलं, एवढं डिझेलच नव्हतं टाकीत. अगदी बरोबर. पण त्याच फाइलमधले ३:४०, त्याच फाइलमधले ३४, ते मात्र "मशीन खोटं बोलत नाही" म्हणून खरे. जो आकडा आपल्या संशयाला जुळतो तो पुरावा आणि जो जुळत नाही तो सॉफ्टवेअरचा बग, असं सगळेच मालक करतात, नागपूरचेच असं नाही.

फाइल फिक्सच्या वेळेप्रमाणे लावली की सगळं शांत झालं. आपल्या वेळेत १०:५९ ला शेवटची लाइव्ह ओळ, त्यानंतर गाडी चालूच, ११:०६ ला थांबली, इग्निशन बंद, ११:३० ला इग्निशन चालू आणि पुढं सलग कुरईपर्यंत. थांबा २४ मिनिटांचा. ड्रायव्हर भाऊला विचारलं तर म्हणे, "जेवलो ना भाऊ, सकाळपासून पोहेच खाल्ले होते." आरोप ७१ मिनिटांचा, निघाले २४, तेही जेवणाचे.

काका तरी अडून होते, म्हणे ही वेळ तूच साडेपाच तास मिळवून बनवली, मग मी कशावर भरवसा ठेवू? प्रश्न चांगला होता, खरं तर सगळ्या बैठकीतला सगळ्यात चांगला प्रश्न तोच. जीपीएसची साक्ष जीपीएसनंच द्यायची नसते. फास्टॅगचा मेसेज काढायला लावला, मनसरच्या आधीच्या टोलनाक्याचा, वेळ १०:२४. फाइलमध्ये टोलनाक्याच्या जागी स्पीड शून्यावर येऊन परत वाढलेल्या ओळी बघितल्या, फिक्सची वेळ ०४:५४. साडेपाच मिळवा, १०:२४. फास्टॅगवाल्यांचा आमच्या सप्लायरशी काही संबंध नाही, ड्रायव्हरशी तर नाहीच. त्यानंतर काका वेळेवर बोलले नाहीत.

बेरीज परत केली. आधी ज्या ओळींवर व्ही आहे त्या काढल्या. एनएमईए वाक्यात ए असेल तर पोझिशन धरण्यासारखी, व्ही असेल तर नाही. गोडाऊनच्या पत्र्याखाली गाडी लोड होत असताना अशा ओळी ढिगानं होत्या, काहींत शेवटची जागाच परत परत, आणि काहींत ०,०. शून्य अक्षांश शून्य रेखांश म्हणजे आफ्रिकेच्या पश्चिमेला गिनीच्या आखातात, भर समुद्रात. अशी एक ओळ बेरजेत राहिली तरी जाऊन-येऊन हजारो किमी वाढतात. मग सिवनीतला रात्रीचा मुक्काम काढला. उभी गाडी जीपीएसच्या दृष्टीनं कधीच अगदी उभी नसते, पोझिशन पाच-दहा मीटर इकडं तिकडं हलत राहते. रात्री ९ ते ४:३० दर मिनिटाला एक ओळ म्हणजे ४५० ओळी, प्रत्येकीत सरासरी आठ मीटर धरा, साडेतीन किमी झाले, आणि गाडीचं चाक फिरलेलं नाही. म्हणून इग्निशन बंद असताना अंतर मोजायचंच नाही. एवढं केल्यावर जाण्याचे १३८ किमी निघाले. काकांनी स्वतःच डोकं हलवलं, त्यांचा हिशोबही तेवढाच असतो.

(त्यांच्या दुसऱ्या, जुन्या गाडीच्या जीपीएसच्या डब्यात याच दिवसाची तारीख २८ जून २००५ येत होती. ते वेगळं दुखणं. जीपीएस आठवडे मोजतं आणि १०२४ आठवडे झाले की शून्यावर येतं, असं १९९९ मध्ये झालं आणि एप्रिल २०१९ मध्ये परत. ज्या डब्यांचं फर्मवेअर म्हणजे आतलं सॉफ्टवेअर अपडेट झालं नाही ते साडेएकोणीस वर्षं मागं पडतात. वेळ बरोबर असते, तारीख फक्त चुकते. ७१६८ दिवस मिळवले की झालं.)

आता ती पाचवी गोष्ट. ११ तारखेला रात्री १०:१२ ला, सिवनीत, एक पॅकेट बीडी असं. एआयएस १४० च्या यादीत बीडी म्हणजे गाडीची बॅटरी डिव्हाइसपासून तुटली. १०:३० ला बीआर, परत जोडली. मधली १८ मिनिटं मेन व्होल्टेज शून्य, डबा आपल्या आतल्या छोट्या बॅटरीवर. हे कोणी विचारलंच नव्हतं. मी काकांना सांगायचं की नाही यावर थोडा वेळ घेतला, मग सांगितलं, कारण एकाच बाजूचं वाचून दाखवायचं असेल तर मग पुतण्याच्या पिव्होटमध्ये आणि माझ्यात फरक काय.

काका एकदम सरसावले. "पाह्यलं? डिझेल काढलं असेल!" ड्रायव्हर भाऊ शांतपणे म्हणाला, संध्याकाळी सेल्फ घेत नव्हता, बॅटरीचे टर्मिनल काढून घासून लावले, तिथल्याच एका इलेक्ट्रिशियननं मदत केली, शंभर रुपये दिले, बिल कुठलं.

व्होल्टेजचा कॉलम बघितला. ट्रकला २४ व्होल्टची सिस्टीम, इंजिन चालू असताना २७.९ च्या आसपास, म्हणजे अल्टरनेटर ठीक. संध्याकाळी इंजिन बंद असताना २३.१ पर्यंत खाली आलेलं. टर्मिनल परत लावल्यावर थोडा वेळ इग्निशन चालू, मग रात्रभर २५ च्या वर. हे ड्रायव्हरच्या सांगण्याशी जुळतं. पण जुळणं वेगळं आणि सिद्ध होणं वेगळं, तेही मी बोललो. त्या १८ मिनिटांत गाडी जागची हलली नाही एवढं नक्की, आतल्या बॅटरीवर पोझिशन येतच होत्या. टाकीचं झाकण उघडलं की नाही ते या फाइलमध्ये नाही, कारण गाडीला फ्यूल सेन्सरच नाही. वायर तुटली हे डब्याला समजतं, कोणी आणि काहून तोडली हे नाही.

मग डिझेलचा हिशोब साध्या पद्धतीनं केला, जसा जीपीएस यायच्या आधी करत. जाताना वाडीच्या पंपावर टाकी फुल्ल, आल्यावर परत फुल्ल, मधे पडलेलं डिझेल भागिले दोन्ही बाजूंचे किमी. ॲव्हरेज त्या गाडीच्या नेहमीच्या ॲव्हरेजइतकंच आलं.

भत्ता त्याच दिवशी सुटला. शंभर रुपये मात्र काकांनी दिले नाहीत, बिल आणत जा म्हणाले, आणि ड्रायव्हर भाऊनंही जास्त ताणलं नाही. सप्लायरला लिहून पाठवलं की एक्सपोर्टमध्ये दोन्ही वेळा, एल-एच चं अक्षर आणि स्पीडचं एकक कॉलमच्या नावातच द्या. दोन वेळा आणि अक्षर आलं, एकक अजून आलेलं नाही, कॉलमचं नाव अजूनही नुसतं "स्पीड" आहे. पुतण्यानं आता शीटच्या पहिल्या ओळीत लाल अक्षरात "नॉट्स" टाकून ठेवलंय.